तिच्या वाटचा भात

माझ्या मुलीचं आतडं तान्हेपणीच पीळ पडून सडलं, बहुतेक कापूनच टाकावं लागलं. पाचव्या वर्षी मुंबईत ऑपरेशन करून उरलेलं, फुगलेलं आतडं कापून, शिवून लांब केलं. महाडला घरी आणताना डॉक्टरांनी बजावलं होतं, की ती तोंडाने जेवायला लागली तरच छातीतली नळी काढता येईल. नळी फार दिवस राहिली तर कधी जंतू रक्तात शिरतील याचा नेम नव्हता. त्या नळीतून रोज बारा तास दुधासारखं पांढरं पोषण जायचं, आणि आमच्या बाईसाहेब तोंड घट्ट मिटून बसायच्या.

पेज, वरणाचं पाणी, सगळं करून झालं. "मी जेवलेय," एवढंच म्हणायची. एकदा मी चिडून विचारलं, काय जेवलीस गं?

"भात. आज करपला होता."

संध्याकाळी गावाहून, कापड्याहून सासूबाईंचा फोन आला. बोलता बोलता म्हणाल्या, "आज भात लागला गो, तसाच ठेवला तिच्या पानावर."

कसलं पान, विचारल्यावर कळलं. पोर जेवत नसली तरी घरातला तिचा वाटा चुकायला नको, म्हणून दोन महिने त्या रोज दुपारी बांधावर तिच्या नावाने भात ठेवत होत्या.

"रोज पान साफ व्हतंय. कावळा नाय, कुत्रा नाय. मी बघत बसते, पण दिसत नाय कोण," त्या सहज म्हणाल्या. मुलीला यातलं कुणीच काही सांगितलं नव्हतं. मी शाळेत विज्ञान शिकवते, पण त्या क्षणी मला फक्त भीती वाटली.

"उद्यापासून बंद करा," मी जवळजवळ ओरडलेच. त्या रडल्या, पण त्यांनी ऐकलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगी स्वयंपाकघरात आली. पोटावर हात ठेवून म्हणाली, "आई, इथे कसंतरी होतंय." टाके उसवले की काय, म्हणून मी तिचा फ्रॉक वर करून पाहिला. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, तिला भूक लागली होती. पाच वर्षांत भूक कशी लागते हेच तिला ठाऊक नव्हतं.

रडत रडत मी चार चमचे पेज भरवली. तिने गिळली. पाचवा चमचा हाताने अडवून ती दाराकडे बघू लागली.

"हा तिला दे, बांधावर माझा भात खायची तिला. तीन दिवस उपाशी आहे ती. बाहेर येऊन बसलीय."

मी उठून कडी लावली आणि तो चमचाही माझ्या मुलीलाच भरवला.