गप्प राहायची रजा

उद्यापासून वर्षभर कामावर येऊ नका, पगार घरबसल्या मिळेल, असं तुम्हाला कुणी सांगितलं तर तुम्ही काय कराल? खरं सांगा. झोपा काढाल, भिंती रंगवाल, बहिणीकडे समुद्रावर जाल. आमच्या जिन्यातल्या प्रत्येकानं मला हेच सांगितलं, आणि वर ओठ मुडपून म्हणाले, "मास्तरणींची चैन आहे बुवा!" ही चैन कशी असते ते मी पाहिलंय. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, रोज, तिसऱ्या मजल्यावर.

होनोराता बिएलाक, वय चोपन्न. आमच्या बावुतीतल्या शाळेत एकोणतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. वूच शहराच्या या भागात ज्याचं पोर सातवीपर्यंत पोचलं, ते बाईंच्या हाताखालून गेलं. आवाज असा की वर्गात "खिडकी लाव" म्हणाल्या तर रस्त्यावरच्या माणसानं आपल्या घरची लावावी. दोन वर्षांपूर्वी तो आवाज चिरायला लागला. गोळ्या चघळल्या, मध घेतला, गळ्याला मफलर गुंडाळून शिकवत राहिल्या. या उन्हाळ्यात डॉक्टरनं घशात नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, आवाजाच्या पट्ट्यांवर गाठी आहेत. आधी तीन आठवडे एक शब्द नाही, मग व्यायाम, आणि सगळं मिळून वर्षभर शाळा बंद. तरी गाठी बसल्या नाहीत तर सुरी. सुरीनंतर जो आवाज उरेल त्यात घरातल्या मांजराला हाक मारता येईल, वर्ग नाही घेता येणार.

प्रकृती सुधारायची अशी रजा मास्तरांच्या कायद्यातच आहे. मला कायदा कॉलेजानं नाही शिकवला. गिरणी बंद पडली तेव्हा मी सूत सोडलं आणि घरमालकांच्या नोटिसा फाडता फाडता शिकले. तर ही रजा मी कलमासकट ओळखते. तिच्यात एक मेख आहे. रजेवर असताना काम करताना सापडलात की मुख्याध्यापक रजा रद्द करतात.

एक सप्टेंबर, मंगळवार. शाळा उघडायचा दिवस. सकाळी सव्वासातला मी खालच्या फाटकावर भाडेकरूंची सूचना चिकटवत होते. बाई उतरल्या. पांढरा ब्लाउज, निळा स्कर्ट, पिशवीत वर्गात घालायच्या सपाता. मी म्हटलं, "बाई, आज कुठं?" त्यांनी मान हलवली आणि गेल्या. पंचवीस मिनिटांत परत. मागाहून मी वर गेले तर स्वयंपाकघरात बसलेल्या, बूट पायात, पिशवी मांडीवर. वहीत लिहून दाखवलं: विसरले नव्हते. पाय आपोआप निघाले. ट्राम आली, मी चढले नाही.

"मग रडा थोडं," मी म्हटलं. "नाहीतर शिव्या द्या. लिहून द्या, मी तुमच्या वतीनं मोठ्यानं वाचते."

त्यांनी लिहिलं: काही होत नाही. दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर गाल असतो तसं. सगळीकडे.

मी काय केलं सांगू? शरम वाटते, पण सांगते. त्याच दुपारी मी भाडेकरूंचा अर्ज घेऊन गेले. म्हटलं, आता तुम्हाला वेळच वेळ आहे. हिवाळ्याच्या आत नळ बदलून द्या, असा सात पानांचा अर्ज. बाईंनी तो लाल पेनानं तपासला, स्वल्पविराम घातले, शेवटी सवयीनं "बरा" असा शेरा मारला. मला फार कौतुक वाटलं. त्या बाईला कामावरून सोडवलं कशासाठी, हे माझ्या डोक्यात आलं नाही. येईल कसं? मीच सुट्टी कधी घेतली नाही.

बुधवार, गुरुवार मी बसून पाहिलं. आठ वाजता त्या टेबलाशी बसतात. पावणेनऊला उठतात, पाच मिनिटं खिडकीशी उभ्या राहतात, पुन्हा बसतात. घरात घंटा नाही, पण अंगात आहे. पाव उभ्यानं खातात, तीन घासांत, दाराकडे बघत. आणि लघवीला जात नाहीत. खुर्चीत चुळबुळ करतात, घड्याळ बघतात, तास संपायची वेळ झाली की जातात. मी ओरडले, "अहो, तुमचंच घर आहे! जा की!" बाई माझ्याकडे बघत राहिल्या, चिडल्याही नाहीत. नऊ पस्तीस झाले तेव्हा गेल्या.

आणि फोन. शिक्षकांच्या खोलीतून दर तासाला कुणीतरी. "होन्या, एकच मिनिट हं! ॲसिडच्या कपाटाची किल्ली कुठं गं?" "होन्या, सातवीचं वेळापत्रक तुझ्याकडेच राहिलंय का?" त्यांची ही होन्या फोन कानाला लावायची आणि कुजबुजायची. किल्ली नकाशामागच्या खिळ्याला. वेळापत्रक निळ्या फाइलीत. फ्रिजवर डॉक्टरचा कागद लावलेला, त्यावर खाली दोन रेघा ओढून लिहिलेलं: कुजबुज सक्त मना, बोलण्यापेक्षा वाईट.

"हे काय चाललंय?" मी कागदावर बोट आपटलं.

त्यांनी लिहिलं: कुजबुज बोलण्यात धरत नाहीत.

"कोण धरत नाही? डॉक्टर धरतात!"

त्यांनी पुढे लिहिलं: मुलं धरत नाहीत. वर्गात पकडलं की म्हणतात, बोललो नाही, कुजबुजलो.

शुक्रवारी उपमुख्याध्यापिकेचा फोन आला. क्लाउदिया स्रोका. मी तिथंच बटाटे सोलत होते, म्हणून पुरतं ऐकलं. "होनोरातका, सोनं माझं, तुझ्या जागेवरची नवीन मुलगी अजून हजर झाली नाही. तू नुसती कॉफीला ये. कपाट दाखव, जा. कुणाला कळणारही नाही." मी हातानंच नाही नाही केलं. बाईंनी फोन ठेवला, निळा स्कर्ट घातला आणि गेल्या. आनंदानं गेल्या असत्या तर मी अडवलं नसतं कदाचित. पण बाईंचा चेहरा भिंतीसारखा होता. हाक आली, अंग उठलं.

दुपारी परतल्या तेव्हा हातात ग्लॅडिओलसच्या फुलांचा गुच्छ. दारात मी विचारलं, "काय झालं?" बाईंनी तोंड उघडलं. काहीच निघालं नाही. हवासुद्धा नाही, फक्त घशात एक खरखर, बंद पडलेल्या नळातून येते तशी.

मग सगळं वहीत आलं. स्रोकानं कपाट दाखवून घ्यायच्या निमित्तानं प्रयोगशाळेत नेलं. आत सातवीचा वर्ग बसलेला. "पाच मिनिटं, एक फोन करून येते," म्हणून ती गेली. आणि अठ्ठावीस मुलं एकदम उभी राहिली. आमच्याकडे बाई वर्गात आल्या की मुलं उभी राहतात आणि एका सुरात नमस्कार म्हणतात. आणि बाई उत्तर देईपर्यंत बसत नाहीत. एकोणतीस वर्षं त्यांनीच ही शिस्त लावलेली. मुलं उभी. बाई उभ्या. कुणी बसेना.

म्हणून बोलल्या. "नमस्कार, बसा." आणि ती बसल्यावर पुढचं वाक्य आपोआप आलं, आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. मग त्याच्या पुढचं. पंचेचाळीस मिनिटं. स्रोका घंटा झाल्यावर आली, फुलं घेऊन.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाईंचा फोन उचलला आणि स्रोकाला लावला.

"तुम्ही रजेवरच्या आजारी बाईला वर्गात उभं केलंत!"

"कोण बोलतंय?"

"शेजारीण. कायदा वाचलेली शेजारीण."

"हे पाहा, होनोराता पाहुणी म्हणून आली होती. स्वखुशीनं."

"पाहुणीच्या हातात खडू देता का तुम्ही? माझ्याकडे पाहुणे येतात तेव्हा मी केक देते!"

"आवाज खाली करा. आणि नीट विचार करा हं. तुम्ही तक्रार केलीत तर चौकशी होईल, की रजेवर असताना त्यांनी वर्ग घेतला का. कागदावर नाव कुणाचं येईल? माझं नाही."

बरोबर होतं तिचं. त्याचाच जास्त संताप आला. पुढचं माझ्या ओठांवर आलंच होतं, तेवढ्यात बाईंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि बंद केला. रागानं नाही. वर्गात पोराच्या हातातून काडेपेटी काढून घ्यावी, तसं.

मग त्यांनी ब्लाउज धुतला, दोरीवर टाकला, फुलं पाण्यात ठेवली. मी मागे मागे. "निदान मला तरी शिव्या द्या! ते अर्जाचं मीही केलंच ना!" त्यांनी ओले हात पुसले, वही ओढली. मग लिहिलं: पूर्ण तास शिकवलं. एक वाक्य चुकलं नाही. मी तिथं नव्हतेच.

सोमवारी मी त्यांच्याबरोबर डॉक्टरकडे गेले. डॉक्टर तरुण मुलगी होती, पण मला आवडली. गोड बोलली नाही. "सूज दुप्पट झाली. गाठीवर रक्त उतरलंय. मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून, आणि आता तीन नाही, सहा आठवडे. या सहा आठवड्यांत परत असं झालं तर मी व्यायामाची वाट बघणार नाही, ऑपरेशनची तारीख देईन." बाईंनी मान हलवली. ट्राममध्ये खिडकीबाहेर बघत बसल्या. ट्राम शाळेवरून गेली तेव्हाही बघतच होत्या, जशी भिंत बघावी.

मी मोर्चे काढलेत, घरमालकांच्या दारात रात्रंदिवस बसलेय. पण इथं घेराव कुणाला घालू? बाईंना उत्तर द्यायला लावणारे आपण सगळेच. जिन्यात भेटणारा शेजारी, दुकानातली, जुना विद्यार्थी, मी. नमस्कार केला की बाई उत्तर देणार. त्यांना थांबता येत नाही. थांबायचं कसं ते शिकायलाच तर त्यांना हे वर्ष मिळालंय.

म्हणून फाटकावर, दुकानात आणि शाळेच्या कुंपणावर मी एक कागद लावते आहे, शुक्रवारचं एक अक्षरही न लिहिता, फक्त एवढंच. फोन करू नका. किल्ली हरवली असेल तर कुलूप तोडा. आणि बाई जिन्यात दिसल्या तर कृपा करून एवढंच करा: तोंड बंद ठेवा, हात वर करा आणि उत्तराची वाट न बघता पुढं निघून जा.