आजच आलेलं उद्या

“अक्का, तुमचं उद्या आजच यायलंय,” व्यंकटअण्णा फोनवर म्हणाले.

अण्णा भालकी तालुक्यातल्या मेहकरचे शेतकरी. नदीकाठी त्यांची पाण्याची मोटर. आमची पुराच्या इशाऱ्याची सिस्टिम तेव्हा ट्रायलवर होती. सकाळी त्यांना मेसेज गेला, ‘उद्या दुपारी पाणी वाढेल.’ अण्णा निवांत बाजाराला गेले. परतले तर मोटर पाण्याखाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी कलबुर्गीच्या ऑफिसात सॉफ्टवेअर इंजिनियर. सिस्टिममध्ये दोन मॉडेल होती. मॉडेल म्हणजे निसर्गाचं गणित मांडणारा प्रोग्राम. वरच्या भागातल्या पावसाचं मॉडेल लातूरच्या गिरीशचं, नदीचं माझं. त्याचा पाऊस माझ्या नदीत सोडायचा, की पूर कधी येईल ते कळतं. वेगवेगळी चालवली तेव्हा दोन्ही गुणी बाळं होती.

आमचे बॉस पाटील सर यांनी पाऊस आणि नदीच्या पाण्याचा ग्राफ पाहिला.

“आधी पूर, मागून पाऊस?”

“हो सर.”

“पुढच्या पावसाला असंच झालं तर प्रोजेक्ट बंद. लोक मेसेज उघडायचे न्हाईत.”

मी गिरीशला फोन लावला.

“तुझा पाऊस लेट यायलाय.”

“न्हाई, तुझी नदी घाई करायली.”

दोन राज्यांचा पाणीतंटा आमच्यापुरता बराच रंगला. शेवटी वैतागून मी विचारलं, “तुझा दिवस सुरू कधी होतो?”

“चहा झाल्यावर.”

“मॉडेलचा रे.”

“सकाळी साडेआठला.”

माझ्या मॉडेलचा मध्यरात्री. 

पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि आदल्या सकाळपासूनचा सगळा त्या तारखेला लिहितात. म्हणजे काल संध्याकाळी पडलेला पाऊस आजच्या नावावर. माझी नदी बिचारी समजायची, तो आज दिवसभर पडणार आहे, आणि पूर उद्यावर ढकलायची. गिरीशने हे सांगितलं नाही, कारण पावसाच्या धंद्यात ते शेंबडं पोरही जाणतं. मी विचारलं नाही, कारण दिवस रात्री बारालाच बदलतो यात विचारायचं काय?

दुरुस्ती दोन ओळींची निघाली.

पुढच्या पावसाला मेसेज गेला, ‘आज दुपारी पाणी वाढेल.’ अण्णांचा भरवसा उडाला होता. मी फोनवर अक्षरशः हातापाया पडले. कुरकुरत त्यांनी मोटर वर काढली. दुपारी पाणी आलं. ऑफिसात पेढे वाटावेत इतका आनंद झाला मला.

पाणी ओसरल्यावर अण्णांचा फोन आला. आभाराचा असेल म्हणून मी स्पीकरवर टाकला.

“अक्का, मोटर तुमी काढायला लावली. आता बसवायला कोण यायलाय?”

रविवारी मी आणि गिरीश चिखलात पाइप धरून उभे होतो, आणि काठावरून अण्णा ओरडत होते, “अजून जरा वर धरा.”

तेव्हापासून दोन मॉडेल जोडायच्या आधी मी दिवस कधी सुरू होतो ते विचारते. लोक हसतात. हसू देत, चिखलापेक्षा ते परवडतं.