चिखलाखालचा घोडा

डिझेलचा वास आला की एकाहत्तरच्या लढाईतली आकुर्डीची एक सकाळ आठवते. हमरस्त्याने लष्कराच्या गाड्या चालल्या होत्या. माझा भाऊ फौजेत होता. निळ्या चौकोनातला पांढरा घोडा ही त्याच्या पलटणीची खूण. ती शोधत मी आणि आई लाडवांचा डबा घेऊन उभ्या होतो, पण प्रत्येक गाडीवरची खूण चिखलाने लिंपलेली. एक गाडी थांबली, तसं आईने विचारलं, "घोड्याची गाडी कंची, बाळा?" ड्रायव्हर हसला. "माई, खुणा झाकायचा हुकूम हाय. शत्रूला पलटण कळू नये म्हणून." आईने डबा त्याच्याच हातात दिला. "मग तूच खा." भाऊ सुखरूप परतला, तेव्हा आईने आधी त्या ड्रायव्हरचीच चौकशी केली. भावाने नाव विचारलं. त्या पोराचं नाव विचारायचं राहिलं, ही चुटपुट मला अजून लागते.