शिंगराचं दूध

अंजूरला आमची घोडी व्याली तेव्हा बाबा पेढे घेऊन गावभर फिरले. माझ्या जन्माच्या वेळी हेच गृहस्थ भाताच्या खाचरातून उठलेसुद्धा नव्हते, हे आई अजून ऐकवते. खाचरांच्या जागी आता गोदामं उठत होती. बाबांनी हौसेने पाळलेली ही घोडी मात्र आसपासच्या गावांतले नवरदेव मिरवायची.

लग्नसराई तोंडावर आली आणि घोडी वरातींना मोकळी व्हावी म्हणून बाबांनी घाई केली. शिंगरू जेमतेम तीन महिन्यांचं, त्याचं दूध तोडून ते वेगळं बांधलं. आईविना खंगू नये म्हणून भिजवलेला हरभरा पाटी भरभरून चारला. आमच्याकडे माया म्हणजे खाऊ घालणं, दुसरा प्रकारच नाही. थोड्याच दिवसांत पिल्लाचे पाय सांध्यांशी सुजले. बाबांचं तोंड एवढंसं झालं. पायच गेले तर घोड्याचं उरतं काय?

गुरांच्या डॉक्टरांनी पाय चाचपले. "अंग झपाट्याने वाढवलंत, हाडं मागे राहिली. हरभरा कमी करा आणि याला घोडीपाशी सोडा. अजून दूध आहे तिला. सहा महिन्यांचं होईपर्यंत तोडू नका."

सूज उतरली, पण दूध तोडायचं नव्हतं आणि शेजारच्या मानकोली गावातल्या वरातीला बाबांनी शब्द दिलेला. मग दोघांनाही टेम्पोत घातलं. झूल ल्यालेल्या घोडीमागे उघडंबोडकं शिंगरू, आणि भर वरातीत त्याला भूक लागली. ते घोडीच्या पोटाखाली शिरलं, तशी बेंजोवर नाचणारी घोडी जागीच खिळली. नवरदेव मुंडावळ्यांआडून खाली बघतोय, त्याचा मामा ओरडतोय, "आरं, मुहूर्त जाल ना!"

तेवढ्यात धवलारीण पुढे आली. आमच्या आगरी लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी ही बाई, तिच्यापुढे भटजीचंही चालत नाही. "पोराच्या तोंडचा दूध तोरून कोनाचा लगीन लावता? पिऊ दे त्याला!" म्हणाली, आणि शिंगरासाठीच एक धवला लावला. हसून हसून वरातीची पोटं दुखली. मुहूर्त थांबला.

पुढे ते शिंगरू खाडीच्या बांधावरून चौखूर सुटलं, चारही पाय सरळ. बाबा रडले, मी टाळ्या पिटल्या.

काही वर्षांनी मला मुलगी झाली. बाबा पेढ्यांसकट सगळ्यांच्या आधी हजर. बाळाच्या पायांवरून हलकेच हात फिरवून मला म्हणाले, "घाई नको करू हां, बाय. पोटभर पिऊ दे."