पायरीवरून नाही, गिरणीत

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी मालवणजवळच्या एका गावी सरकारी दवाखान्यात नर्स होते. भाताचा हंगाम आला की बायका चिरडलेली बोटं घेऊन यायच्या. कसं झालं विचारलं की म्हणायच्या, "आडाळ्यार कापला." माझं माहेर जवळच्याच मसुऱ्याचं. खोबरं खवायच्या आडाळ्याने बोट कापतं, चिरडत नाही, हे मला ठाऊक होतं. पण भातगिरणीचं नाव घेतलं तर काम जायचं. डॉक्टर घाटावरचे, त्यांना आडाळा ठाऊक नव्हता. ते जे ऐकत तेच वर कळवत. त्यामुळे सरकारदरबारी आमच्या गिरणीत कधी कुणाला इजा झालीच नव्हती.

एका सकाळी गिरणीच्या मुकादमाने एका बाईला बैलगाडीतून आणलं. तिचा उजवा हात कोपराखाली मोडला होता.

"घरच्या पायरीवरून पडली, साहेब," मुकादम डॉक्टरांना म्हणाला.

मी हाताला फळी बांधत होते. बाई घामाने डबडबली होती, पण आवाज शांत होता.

"माका विचारा. माज्या हाताक लागला, तोंडाक नाय. मी घराकडे पडूक नाय. गिरणीच्या पट्ट्यान हात ओढून घेतल्यान."

"उद्यापासून कामाक येव नको," मुकादम गुरगुरला.

"मोडको हात घेवन उद्या येतलंय तरी कशी?"

बाहेर बसलेल्या बायका हसल्या. मग त्यांतली एक आत आली आणि तिने आपलं आखूड बोट डॉक्टरांपुढे धरलं. "माजा पण थंयच गेला." तिच्यामागून आणखी दोघी आल्या.

डॉक्टर त्याच दुपारी गिरणीत गेले. इंजिनाचा पट्टा उघडाच फिरत होता आणि बायका त्याच्याखाली वाकून तांदूळ भरत होत्या. मालकाने हात झटकले. दुसऱ्या दिवशी एकही बाई गिरणीत शिरली नाही. भाताच्या गाड्या रस्त्यावर तुंबल्या. शेवटी मालकाने सुतार बोलावला आणि पट्ट्याभोवती जाड फळ्या ठोकून घेतल्या. बायकांनी फळ्या हलवून पाहिल्या, मगच पदर खोचले.

प्लास्टर निघाल्यावर ती बाई पुन्हा कामावर लागली. पहिल्या दिवशी दवाखान्यासमोरून जाताना तिने बरा झालेला हात उंच करून मला दाखवला.

पुढे लाकडाच्या वखारीतला एक माणूस रक्ताळलेला पंजा घेऊन आला आणि मी विचारायच्या आधीच म्हणाला, "बाई, वखारीत करवतीर लागला. तसाच लिवा."