फळ्याच्या कोपऱ्यातला पासवर्ड

'आपल्या शाळेतील सर्वाधिक वाचन करणाऱ्या व्यक्ती म्हणून आपले अभिनंदन!' अशी ईमेल शाळेच्या डिजिटल वाचनालयाकडून मला आली, तेव्हा खरं तर मी पेढे वाटायला हवे होते. मी सानपाड्यातल्या एका माध्यमिक शाळेची ग्रंथपाल. पण खालचा वार्षिक अहवाल उघडला आणि मला दरदरून घाम फुटला. एकूण वाचक : एक. आख्ख्या शाळेत एक! आणि ती एक म्हणजे मी.

बरं, वाचलं तरी काय काय होतं मी! एका मंगळवारी एकाच तासात मी दहावीचं विज्ञान, भुताच्या गोष्टी, क्रिकेटचे नियम आणि केसगळतीवरचे घरगुती उपाय एकदमच वाचत होते. माझे केस गळतात हे खरं आहे, पण ते पुस्तक मी बापजन्मात उघडलं नव्हतं.

दुसरी कुठली वेळ असती तर मी हसले असते. पण त्याच शनिवारी शाळा समितीची बैठक होती, आणि तिच्यात माझ्या वाचनालयाचा निकाल लागायचा होता. सेक्रेटरी साहेबांच्या डोक्यात रोबोट शिरला होता. 'पुस्तकं आता टॅबमध्येच आहेत ना बाई? मग एवढी मोठी खोली कशाला अडवून ठेवायची?' असं त्यांचं म्हणणं. मुलं वाचनालय वापरतात असं अहवालात दिसलं तर खोली राहील, नाहीतर तिथे रोबोटिक्सची लॅब होईल, असं ठरलं होतं. कपाटं जाणार जिन्याखालच्या पॅसेजमध्ये. तिथे खाडीचा दमट वारा असा येतो, की पहिल्या पावसाळ्यात पुस्तकांचे पापड व्हायचे आणि ते पण न तळलेले. आणि मी जाणार ऑफिसात, प्रवेशाचे फॉर्म तपासायला.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, हे केलंत काय तुम्ही?"

काय केलं, ते सांगते. चूक माझीच, आणि माझ्या रागाची.

त्या ईमेलच्या वर्षभर आधी शाळेत वीस टॅब आले. त्यांच्यात ते डिजिटल वाचनालय. प्रत्येक मुलाला एक चिठ्ठी मिळाली, तिच्यावर त्याचा आयडी आणि पासवर्ड. पहिल्याच तासाला सुरू झालं. "बाई, उघडत नाही." "बाई, चुकीचा दाखवतो." "बाई, माझी चिठ्ठी पँटच्या खिशात होती आणि आईने पँट धुतली." पस्तीस मिनिटांच्या तासातली तीस मिनिटं उघडण्यात जायची, आणि उरलेली पाच माझ्या ओरडण्यात. मी मूळची साताऱ्याकडची, सहनशक्ती आमच्याकडे कमीच पिकते. चौथ्या दिवशी माझं टाळकं सटकलं. मी खडू उचलला, फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात माझा स्वतःचा आयडी लिहिला, त्याखाली माझा पासवर्ड लिहिला : शांतता, आणि पुढे एक-दोन-तीन. भोवती चौकट काढली आणि खाली लिहिलं, 'पुसू नये'.

आपल्या शाळांमध्ये 'पुसू नये' लिहिलेल्या चौकटीला कोणी हात लावतं का सांगा! मॉनिटर लावत नाही, निरीक्षक लावत नाहीत. गणिताचे सर जादा तासाला माझ्या खोलीत येत, ते वर्षभर त्या चौकटीला वळसा घालून प्रमेयं लिहीत राहिले. पाचवीपासून दहावीपर्यंत सगळी शाळा माझ्या नावाने आत शिरत होती. त्या यंत्रानेही कधी कुरकुर केली नाही. मी खूश. कटकट नाही, टेन्शन नाही. कागदी पुस्तकांची देवघेव कमी झाली, तिकडेही मी काणाडोळा केला. म्हटलं, मुलं वाचतायत ना, बस झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या चौकटीची खरी राखणदार होती आमची मावशी. करावे गावातली. बारा वर्षं शाळेत शिपाईण. घंटा तिची, फरशी तिची, चहा तिचा. आमचं दोघींचं सासू-सुनेसारखं होतं, फक्त सासू कोण ते ठरायचं होतं. मी मुलांना बसवलं, की ही नेमकी ओलं फडकं घेऊन हजर. "पाय वर घ्या रे पोरांनो!" मी म्हणायची, "मावशी, तास चालू आहे." ती म्हणायची, "मंग फरशीनं काय सुट्टी घ्यायची?" पण संध्याकाळी फळा पुसताना ती चौकट मात्र अशी काही जपायची, की बाजूची धूळसुद्धा पदराने टिपायची. मला वाटायचं, माझ्या शिस्तीचा धाक! वा रे मी.

शनिवारी बैठक भरली माझ्याच खोलीत, कारण मोठा स्मार्टबोर्ड तिथेच आहे. मी सगळं कबूल केलं. दोन सदस्य खुदकन हसले. सेक्रेटरी साहेब हसले नाहीत. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीचा कागद लागतो.

"ठीक आहे बाई, पासवर्ड एकच होता. पण मुलांनीच वाचलं, याला पुरावा काय? उद्या तुम्ही म्हणाल, सगळ्या पालकांनीपण वाचलं."

माझ्याकडे पुरावा नव्हता. राग मात्र भरपूर होता, पण तो कोणावर काढणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी खिडकीकडे बघत बसले. एकवीस वर्षं मी त्या खिडकीला पाठ करून बसले होते. आता जाणार म्हटल्यावर ती एकदम आवडायला लागली.

मोठ्या बाई म्हणाल्या, "निदान खातं उघडून तरी बघू." त्यांनी फळ्याकडे पाहत स्मार्टबोर्डवर माझा पासवर्ड घातला आणि पहिलं पुस्तक उघडलं. पानाच्या कडेला पिवळे ठिपके होते. एका ठिपक्यावर बोट ठेवलं आणि मोठ्या अक्षरांत उमटलं : 'चाळीस पानं बोअर आहे. मग भारी आहे. सोडू नको. नववी ब.'

त्या यंत्रात पानावर टिपण लिहायची सोय होती, हे मला ठाऊकच नव्हतं. मी ती बाई, जिने आयुष्यभर मुलांना पुस्तकात पेन्सिलीची रेघ मारली म्हणून तासाबाहेर उभं केलं, आणि खोडरबर देऊन ती रेघ त्यांच्याकडूनच पुसून घेतली! इथे मुलांनी पानंच्या पानं रंगवली होती. 'हे परीक्षेत येतं.' 'हे वाचून मी रडलो, कोणाला सांगू नका, आठवी अ.' 'तू कोण आहेस, मी पण रडले.' 'भूत येणार पान साठवर, रात्री वाचू नये.' आणि मधेच, 'बाई आल्या. बंद कर.' एका ठिकाणी तर, 'बाई चिडायच्या आधी चष्मा वर करतात, तेवढ्यात पळायचं.' सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी चष्मा वर करणार होते, तो हात खाली घेतला.

हसून हसून सदस्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सेक्रेटरी साहेबही हसले, पण सावरून म्हणाले, "मुलं वाचतात, मान्य. पण ती टॅबवर वाचतात. टॅब काय, वर्गातही नेता येतो. खोलीचं काय?"

तोवर मोठ्या बाईंनी पुढचं पुस्तक उघडलं. ते होतं लहान मुलांचं गोष्टींचं, एका पानावर चार ओळी, टपोऱ्या अक्षरांचं. आमच्या शाळेत त्या वयाची मुलंच नाहीत. पहिल्या पानावर टिपण होतं : 'आज एक पान झालं.' दुसऱ्यावर : 'आज पण एकच झालं. जोडाक्षर लई तरास देतंय.' तिसऱ्यावर : 'आज अर्धंच. ए पोरांनो, चपला बाहेर काढा, फरशी ओली हाय.'

टॅबवर बोलून लिहायचा माईक असतो. तो चालू राहिला होता.

त्याच क्षणी मावशी चहाचा ट्रे घेऊन आत आली. बोर्डावर तिचीच फरशी, तिचेच शब्द. ती दारात थबकली.

"हे कोणी लिहिलंय?" सेक्रेटरी साहेबांनी विचारलं.

मला वाटलं, आता हिची नोकरी जाते की काय. मी उठून काहीतरी खोटं बोलणारच होते. पण मावशीने ट्रे टेबलावर ठेवला आणि हात पदराला पुसले.

"मीच हाय ती. मना पोरांनी दावलं, माईक कसा दाबायचा ते. चौथीत शाला सुटली माझी. आता नात इंग्रजी शालेत जाते, मराठीचं पुस्तक घेऊन येते नि इचारते, आजी, यात काय लिवलंय? मंग शाला सुटली का इथं बसते, त्या खिडकीपाशी. वर्गात बाकं लहान, आनि कोनी बघितलं तर हसतंय. इथं कोन येत नाय."

मावशीने एकेकाच्या पुढे कप ठेवला. सेक्रेटरी साहेबांच्या पुढे ठेवताना तिने विचारलं, अगदी फरशी कधी पुसू असं विचारावं तसं, "साहेब, खोली कदी काढताय? दोनच पानं उरलीत माझी. तवर होतील ना?"

साहेबांनी कप उचलला, खाली ठेवला, परत उचलला. मग बोर्डाकडेच बघत म्हणाले, "नाही काढत." रोबोट तळमजल्यावरच्या सामानाच्या खोलीत गेले, आणि खरं सांगायचं तर तिथे मजेत आहेत.

मला खूप लाज वाटली. बारा वर्षं ही बाई माझी कपाटं पुसत होती. एकेका पुस्तकावरची धूळ तिने झटकली, आणि मी तिला एकदाही विचारलं नाही, की मावशी, एखादं हवंय का. विचारायचे ते एवढंच, की कपाटाखालचा केर निघाला का.

सोमवारी मी स्वतः डस्टर घेऊन ती चौकट पुसली. सगळ्या मुलांना नव्या चिठ्ठ्या दिल्या. पुन्हा "बाई, उघडत नाही" सुरू झालं, पुन्हा माझा आवाज चढला. मावशीच्या नावाचीही चिठ्ठी केली. तिने ती उलटसुलट बघितली आणि परत दिली.

"ह्यो नको. मना तुमचाच पाठ हाय."

म्हणून जुनं खातं मी तिलाच देऊन टाकलं आणि स्वतःसाठी नवं काढलंच नाही. परवा यंदाचा अहवाल आला. शाळेतली सगळी पोरं त्यात आहेत, नववी ब सगळ्यांत पुढे. माझ्या नावासमोर वर्षभरात एकच पुस्तक पूर्ण वाचल्याची नोंद आहे, आणि ते मी वाचलेलं नाही.