हनुवटीवरचे तीन ठिपके

कोर्टात कारकून सिद्धरामनं महादेवीचा अंगठा धरून शाईच्या गादीवर दाबला, तेव्हा ती बोलणारच होती. पण सिद्धरामचा हात भलताच चपळ. बघता बघता रत्नम्माच्या शपथपत्रावर महादेवीचा अंगठा उमटला आणि खरी रत्नम्मा शेजारी पदर सावरत उभीच राहिली.

"अहो, मी यांची वकील आहे!" महादेवी ओरडली.

सिद्धरामनं तिच्या हनुवटीवरचे तीन हिरवे ठिपके पाहिले, मग उकाड्यामुळं हातावर टाकलेला काळा कोट पाहिला. "मला वाटलं, कोट वकीलसाहेबांचा धरलाय तुम्ही," तो म्हणाला. सगळी खोली हसली. समोरच्या बाजूचा वकील तर डोळे पुसेपर्यंत हसला. शपथपत्र बाद झालं आणि तारीख सोमवारवर गेली.

लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. कचेऱ्या नव्या, खुर्च्या नव्या, माणसं मात्र जुनीच. त्यात दुष्काळ. रेणापूरला रत्नम्माच्या शेजाऱ्यानं विहिरीची वाट काट्यांनी बंद केली होती. वाट मोकळी करण्याचा हुकूम मिळेपर्यंत त्या म्हातारीला पाण्यासाठी दीड कोस चालावं लागणार होतं. महादेवीला स्वतःच्या फजितीपेक्षा हे जास्त लागलं. पण फजितीही लागलीच, खोटं कशाला बोला!

तिचे सीनिअर अनंतराव हे वाईट गृहस्थ नव्हते. खेड्यातल्या मुलीला त्यांनीच जवळ केलं होतं. त्या संध्याकाळी मात्र ते चष्मा पुसत म्हणाले, "महादेवीबाई, सोमवारी मी नांदेडला आहे. रत्नम्माची केस तुम्ही चालवावी, अशी माझी इच्छा आहे. पण कोर्ट आधी चेहरा बघतं. हे गोंदण काढा. नाही जमलं, तर ऑफिसात बसून दावे लिहा. उभं राहण्याचं विसरा."

तीन दिवस उरले होते. पावडर लावून पाहिली, ती घामात उतरली. शनिवारी दुपारी रेणापूरच्या घरात आई गौरम्मा पाण्याला गेल्याचं पाहून महादेवीनं चुलीवर बिब्बा तापवला. सुईच्या टोकानं त्याचं तेल उजव्या ठिपक्यावर टेकवलं. आग मस्तकापर्यंत गेली. तिनं पदर दातात धरला, दुसऱ्या ठिपक्याकडं सुई नेली, आणि दारात घागर आदळली.

"काय करायलीस गं?" गौरम्मानं सुई हिसकावली. लेकीची हनुवटी धरून उजेडाकडं फिरवली. "कोनता जाळलास?"

"उजवा. आई, नोकरी... माझी वकिली जाईल. अडाणी समजून अंगठा घेतात माझा!"

गौरम्मा चुलीपाशी बसली.

"बहात्तरच्या सालात नागी गेली, आठ दिवसांत संगी गेली," ती म्हणाली. "तू अकराची. तुलाबी हगवण लागली हुती. दुष्काळी कामावर गोंदणारीण आली. माज्याकडं द्यायला काय हाय? कामावर खायला मिळायची ती माज्या वाट्याची सुकडी तीन दिस तिला दिली. म्हनलं, मधला हिचा टाक. अल्याड पल्याड तिच्या बहिनी टाक. दोघी हिला धरून ठिवतील. डाव्या अंगाला संगी, उजव्या अंगाला नागी."

"मला तू नजर लागू नये म्हणून सांगितलंस."

"लेकराला काय सांगावं गं तवा?"

महादेवी हमसून हमसून रडली. नागीचा चेहराही तिला नीट आठवत नव्हता, याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली. गौरम्मानं भाजल्यावर खोबरेल लावलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी सकाळी अनंतराव निघायच्या तयारीत होते. सुजलेली हनुवटी बघून तेही चपापले. "अरेरे! एवढं जाळून घ्या असं नव्हतं म्हटलं मी. आणि उरलेले दोन?"

"ते राहतील, साहेब," महादेवी म्हणाली. "फाइल द्यायची तर मला या ठिपक्यांसकट द्या. नाहीतर रत्नम्माला दुसरा वकील आजच्या आज बघून द्या. ती चालून चालून थकली."

बाहेर जीपवाल्यानं दोनदा हॉर्न दिला. अनंतरावांनी घड्याळ पाहिलं, हनुवटी पाहिली, पुन्हा घड्याळ पाहिलं. फाइल टेबलावर ठेवून ते म्हणाले, "आज जा. पुढचं पुढं बघू." आणि निघून गेले.

कोर्टात महादेवीनं गळ्यापर्यंत बटणं लावून कोट घातला होता. घाम जखमेत उतरून झोंबत होता. सिद्धरामनं नवं शपथपत्र पुढं ओढलं, या वेळी आधी विचारलं, "रत्नम्मा कोण?" म्हातारीनं अंगठा दिला.

"आता यांना ओळखणाऱ्या वकिलाची सही लागते."

महादेवीनं 'मी यांना ओळखते' असं लिहून खाली सही केली. अक्षर सरळ आलं. आत पुकारा व्हायला अजून वेळ होता. कागद घेताना सिद्धरामची नजर वर गेली. त्या दिवशीचं मनात असावं, आवाज मऊ होता.

"वकीलबाई, मागच्या तारखेला तीन होते. एक कुठं गेला?"

"ती माझी बहीण होती," महादेवी म्हणाली. "मी तिला ओळखलं नाही."